बरोबर बोलणाऱ्या कॅप्टनलाच शिक्षा केली, आता शिट्टी खाली ठेवू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र पुणे जिल्ह्यातून आलं आहे. लिहिणारे ४६ वर्षांचे, शाळेत खेळाचे शिक्षक. तरुणपणी रग्बीत प्रॉप म्हणून, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत, खेळले. गुडघा गेल्यावर पंचांचा कोर्स केला, आणि गेली ११ वर्षं ते शाळांचे आणि जिल्ह्यातले सामने सांभाळतात. मागच्या महिन्यात पंधरा-पंधरा जणांच्या सामन्यात, शेवटची दहा मिनिटं उरली असताना, एका संघाने स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे आठ-आठ जण बॉलसाठी एकमेकांना भिडून ढकलतात तिथे) बॉल आत येण्याआधीच जोर लावला. यांनी समोरच्या संघाला फ्री-किक दिली. त्या संघाच्या कॅप्टनने फ्री-किकऐवजी पुन्हा स्क्रम मागितला आणि यांनी तो दिला. तेवढ्यात दुसरा कॅप्टन, १९ वर्षांचा मुलगा, पुढे येऊन म्हणाला, "सर, फ्री-किकवर आता स्क्रम घेता येत नाही." यांचा पारा चढला. "मला शिकवू नकोस," म्हणत यांनी पंचांशी वाद घातल्याबद्दल त्याच्याच संघाविरुद्ध पेनल्टी दिली, तीही गोलपोस्टच्या समोर. समोरच्यांनी तीन गुण घेतले. मुलाचा संघ दोन गुणांनी हरला. रात्री घरी येऊन यांनी फोनवर पाहिलं, तर मुलगा बरोबर होता. १ जुलै २०२४ पासून नियम बदललेला आहे. ते विचारतात: "दरवर्षी काहीतरी बदलतं, मला आता झेपत नाही. पोरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. शिट्टी कपाटात ठेवून दिली आहे. ती तिथेच राहू द्यावी का? आणि माझं चुकलं हे त्या मुलाला सांगावं का, की मी गप्प बसावं? सांगितलं तर उद्या मैदानात माझं कोण ऐकेल?"

उत्तर

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात नियमांबद्दल सहा-सात ओळी आहेत आणि त्या मुलाच्या चेहऱ्याबद्दल जवळजवळ पान भरून. पेनल्टी दिल्यावर तो काहीच बोलला नाही, नुसता माउथगार्ड काढून मागे दहा मीटर चालत गेला, हे तुम्ही दोन ठिकाणी लिहिलंय. म्हणजे तुमचं मन कुठे अडकलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. पण पत्राच्या शेवटी प्रश्न मात्र वेगळाच विचारलात, की नियम झेपत नाहीत म्हणून सोडू का.

मला वाटतं, तुम्ही दोन वेगळ्या चुका एकाच गाठोड्यात बांधल्यात आणि त्या गाठोड्याचं ओझं वाहताय. ती आधी सोडवू.

पहिली चूक, बदललेला नियम माहीत नसणं. ही एका संध्याकाळच्या अभ्यासाने सुटते आणि तुमची सुटलीसुद्धा, त्याच रात्री. जन्मात पुन्हा तुम्ही फ्री-किकवर स्क्रम देणार नाही. दुसरी चूक, बरोबर बोलणाऱ्याला शिक्षा करणं. हिचा नियमपुस्तकाशी संबंध नाही. पुस्तक तोंडपाठ असलेल्या पंचाच्या हातूनही ती होते, कारण ती रागातून आणि भीतीतून येते. तुम्ही शिट्टी कपाटात ठेवली ती दुसऱ्या चुकीमुळे, आणि कारण मात्र पहिलीचं देताय.

आता तो नियम का बदलला, ते पाहू, कारण "दरवर्षी काहीतरी बदलतं" या तुमच्या वाक्यात एक तक्रार आहे आणि ती मला मोडून काढायची नाही, समजून घ्यायची आहे. १५ ऑक्टोबर २०२३ ला पॅरिसमध्ये विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी होती, फ्रान्स विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आफ्रिकेच्या डेमियन विलेम्सेने स्वतःच्या २२ मीटरच्या आत उंच आलेला बॉल झेलला, मार्क (अशा झेलावर मिळणारी फ्री-किक) मागितला आणि किक मारायची सोडून हाताने खूण केली: स्क्रम. स्वतःच्या गोललाइनजवळ असं कोण मागतं? ज्याचा आपल्या स्क्रमवर भरवसा आहे तो. आफ्रिका तो सामना २९-२८ असा जिंकली आणि पुढे विश्वचषकही. तेव्हा नियमाने ते शंभर टक्के बरोबर होतं. नऊ महिन्यांनी ती वाट बंद झाली. आता फ्री-किक मिळाली, मग ती मार्कची असो वा स्क्रममधल्या घाईची, की पायाने हलकेच टॅप करून खेळायचं किंवा किक मारायची. बॉल जास्त वेळ खेळात राहावा, एवढा साधा हेतू.

तुम्ही स्वतः प्रॉप होता, म्हणून हे तुम्हाला सांगतो. स्क्रम लावताना पंच देतो ती हाक तुमच्या डोळ्यांदेखत बदलली. आधी 'क्राउच, टच, पॉज, एंगेज' होती, २०१२ मध्ये 'क्राउच, टच, सेट' झाली आणि २०१३ पासून 'क्राउच, बाइंड, सेट'. आठ-आठ जण दुरून एकमेकांवर आदळायचे, ते आता आधी एकमेकांना धरून मग भिडतात. तेव्हाही जुने लोक कुरकुरले होते, कदाचित तुम्हीही. पण तुमच्या मानेला विचारा, तो बदल बरा होता की वाईट. ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे बॉल टेकवण्याचे, गुण १९७१ मध्ये तीनाचे चार झाले, १९९२ मध्ये चाराचे पाच. हा खेळ बदलत बदलतच इथवर आलाय. तो अंगाचा खेळ आहे आणि खेळाडूंची अंगं बदलतात, वजनं वाढतात, धडका जोराच्या होतात. नियम जागच्या जागी राहिले तर मुलांच्या माना आणि डोकी त्याची किंमत मोजतील.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येऊ: पंचाला सगळं माहीत असलंच पाहिजे, नाहीतर त्याचा मान राहत नाही. नियमपुस्तकातलं सहावं कलम सांगतं की सामना चालू असताना घटना आणि नियम या दोन्हींचा एकमेव निवाडा पंचाचा. त्यातले "सामना चालू असताना" हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. त्या ऐंशी मिनिटांत कुणीतरी शेवटचा शब्द बोलायला हवा, नाहीतर तीस जणांचा खेळ एक पाऊलही पुढे सरकणार नाही. म्हणून तो अधिकार तुम्हाला दिलाय. पण तो तुमच्या ज्ञानाचा दाखला नाही. शेवटची शिट्टी वाजली की तुम्ही पुन्हा एक माणूस असता, ज्याचं चुकू शकतं आणि जो ते कबूल करू शकतो.

वेन बार्न्स या इंग्लंडच्या पंचाचं नाव तुम्हाला माहीत असेलच. ६ ऑक्टोबर २००७, कार्डिफ, फ्रान्स विरुद्ध न्यूझीलंड, तीही विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरीच. बार्न्स तेव्हा २८ वर्षांचे होते. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायआधीचा पास पुढे गेलेला होता (रग्बीत हाताने पास पुढे देता येत नाही), तो त्यांच्या नजरेतून निसटला, आणि न्यूझीलंड १८-२० असं हरून घरी गेलं. त्या माणसाने पुढे काय काय ऐकून घेतलं असेल, कल्पना करा. त्यांनी शिट्टी ठेवली नाही. सोळा वर्षांनी, २८ ऑक्टोबर २०२३ ला, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्ये उभे होते तेच बार्न्स, आणि मैदानात एका बाजूला पुन्हा न्यूझीलंड. त्यांचं न दिसणं आणि तुमचं माहीत नसणं सारखं नाही, हे मला कळतं. पण एका चुकीच्या निर्णयाने पंच संपतो, हे खरं नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

माझंही सांगतो. २०२१ च्या ऑगस्टपासून नियम आला की हल्ला करणारा खेळाडू गोललाइन ओलांडूनही बॉल जमिनीला टेकवू शकला नाही, त्याला वरच्यावर धरून ठेवलं, तर बचाव करणाऱ्या संघाला गोललाइन ड्रॉप-आउट, म्हणजे गोललाइनवरून बॉल टप्पा देऊन मारायची किक. त्याआधी वर्षानुवर्षं हल्ला करणाऱ्यांना पाच मीटरवर स्क्रम मिळायचा. मी बदल वाचला होता, दोनदा वाचला होता. पावसातला सामना, चिखलाने माखलेली सात-आठ पोरं गोललाइनवर एकमेकांवर पडलेली, मी खाली वाकून पाहिलं, बॉलखाली एक हात होता. शिट्टी मारली आणि माझा हात आपोआप पाच मीटरच्या स्क्रमकडे गेला. बचाव करणाऱ्यांचा कॅप्टन माझ्याकडे बघत राहिला. बोलला नाही, फक्त बघत राहिला. मला दोन सेकंद लागले. मग म्हणालो, "चुकलं माझं. ड्रॉप-आउट आहे." त्याने मान हलवली, बॉल उचलला, खेळ पुढे गेला. सामन्यानंतर कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. माझ्या मात्र राहिलं, कारण त्या दिवशी कळलं की नियम डोक्यात असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. हाताला जुनी सवय असते आणि घाईत हातच आधी उठतो.

तुमच्याकडेही ते दोन सेकंद होते. तो मुलगा बोलला तेव्हा स्क्रम अजून बांधला गेला नव्हता. पुढच्या वेळी असे दोन सेकंद मिळाले की ते वापरा. घड्याळ थांबवा, दोन्ही कॅप्टनना जवळ बोलवा आणि पुन्हा विचारा, "काय म्हणालास?" नियम पंचांशी वाद घालायला मनाई करतो, आणि ते योग्यच आहे. पण कॅप्टनने एका वाक्यात, "सर" म्हणून सांगितलेली गोष्ट वाद होत नाही.

म्हणून त्या मुलाला सांगावं का, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे: सांगा. या रविवारीच सांगा. तुम्ही त्याला सगळ्यांसमोर गप्प केलंत, तर सांगायचंही त्याच्या संघासमोर. त्यांच्या सरावाला जा, कोचला आधी फोन करा, आणि सुरुवातीची पाच मिनिटं मागा. लांबलचक भाषण नको, स्वतःची बाजू नको, "दिवसभर चार सामने होते, दमलो होतो" हे तर अजिबात नको. एवढंच म्हणा: "त्या दिवशी तू बरोबर होतास. नियम मला माहीत नव्हता, आणि तू सांगितल्यावर मी ऐकायला हवं होतं. पेनल्टी द्यायला नको होती. ती माझी चूक." मग थांबा. तो काय म्हणेल ते ऐकून घ्या, कडू असलं तरी. दोन गुणांनी हरलेल्या मुलाला कडू बोलायचा हक्क आहे.

निकाल बदलणार नाही आणि बदलायचा प्रयत्नही करू नका. सामना परत खेळवा असं आयोजकांना सुचवायचा मोह होईल, पण त्याने जिंकलेल्या मुलांवर नवा अन्याय होईल, आणि त्यांनी तर काहीच गैर केलेलं नाही. आयोजकांना मात्र काय घडलं ते लेखी कळवा, चार ओळींत, म्हणजे तीच चूक पुढच्या मैदानावर दुसऱ्या पंचाकडून होणार नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, तसं तुमच्याबरोबर कोर्स केलेल्या आणखी काहींना माहीत नसणार.

सांगितलं तर उद्या कोण ऐकेल, असं तुम्ही विचारलंय. मी उलट विचारतो: न सांगितलं तर? त्या संघातल्या पंधरा जणांकडे फोन आहेत, त्यांना नियम माहीत आहे, आणि तुम्हाला तो आता कळला असणार हेही त्यांना माहीत आहे. गप्प राहिलात तर तुमच्या पुढच्या प्रत्येक बरोबर निर्णयावरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

पोरांना जास्त कळतं, या तुमच्या वाक्याबद्दलही थोडं. त्यांना बरंच कळतं, हे खरं. पण त्यांना जे कळतं ते टीव्हीवरच्या सामन्यांतून आणि मोबाइलवरच्या तुकड्यांतून, आणि तिथे दिसणारा प्रत्येक नियम तुमच्या मैदानाचा नसतो. मला वाटतं, पंचाचं खरं काम इथे सुरू होतं: आजच्या या सामन्याला कोणते नियम लागू आहेत, हे ठरवणं. टीव्हीवर मोठ्या स्पर्धांत २० मिनिटांचं लाल कार्ड दिसतं, म्हणजे खेळाडू बाहेर जातो आणि वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येतो. तुमच्या स्पर्धेने ते लेखी स्वीकारलं नसेल, तर तुमचं लाल कार्ड म्हणजे उरलेला पूर्ण सामना एक माणूस कमी. इंग्लंडचंच बघा. तिथे २०२३ च्या जुलैपासून क्लब आणि शाळांच्या सामन्यांत छातीच्या मधल्या हाडाच्या खालीच टॅकल करायचा, आणि त्याच शनिवारी टीव्हीवरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात मर्यादा खांद्याची. एकच देश, एकच दुपार, दोन वेगळे नियम. म्हणून कुणी "पण टीव्हीवर तर..." म्हणालं की घाबरू नका, पण आपलं उत्तर मात्र तयार ठेवा.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. भारतात सात-सात जणांचा खेळ जास्त खेळला जातो. शनिवारी सेव्हन्सचा सामना घेणारा पंच रविवारी पंधरांच्या सामन्यात उभा राहतो. सेव्हन्समध्ये पिवळं कार्ड दोन मिनिटांचं, पंधरांत दहा. सेव्हन्समध्ये गुण मिळवणारा संघच पुन्हा किक-ऑफ करतो, पंधरांत उलट. १९ वर्षांखालच्यांच्या सामन्यात तर स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलायचाच नाही आणि अर्धा सामना ३५ मिनिटांचा. तिन्ही प्रकार एकाच पंचाने सांभाळायचे, हे तुमच्या वाट्याला आलंय आणि ते कठीणच आहे. याबद्दल तुम्ही स्वतःला फार कमी श्रेय देता.

आता बदलांचा माग कसा ठेवायचा ते सांगतो. तुमच्यासारखे आणखी बरेच जण हे वाचत असतील, म्हणून जरा सविस्तर.

वर्ल्ड रग्बीचं, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेचं, नियमपुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर फुकट आहे. कपाटातली छापील प्रत असेल तर ती आठवण म्हणून ठेवा, संदर्भ म्हणून नको. गेल्या काही वर्षांतले मोठे बदल बघा: २०२१ चे १ ऑगस्टपासून, २०२४ चे १ जुलैपासून, २०२५ चे १ जानेवारीपासून. म्हणून फोनमध्ये दोन आठवणी लावा, जूनच्या शेवटी आणि डिसेंबरच्या शेवटी. आपला हंगाम पावसाळ्याचा, त्यामुळे जूनची जास्त महत्त्वाची. अधूनमधून एखाद्या देशाच्या संघटनेने विचारलेल्या शंकेवर वर्ल्ड रग्बी खुलासाही काढते. ते खुलासे छोटे असतात, पण नियम तोच राहून त्याचा अर्थ कसा लावायचा ते तिथेच ठरतं. तेही त्याच दिवशी वाचून टाका.

वाचून झालं की एक साधी वही करा, मराठीत, स्वतःच्या शब्दांत. प्रत्येक बदलाला तीन गोष्टी लिहा: आधी काय होतं, आता काय आहे, आणि मैदानात मी काय बघणार. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत आणि तिथेच फसतात. ५०:२२ चं उदाहरण घ्या. नियम सोपा वाटतो: स्वतःच्या अर्ध्या भागातून किक मारली, बॉल मैदानात टप्पा पडून समोरच्यांच्या २२ मध्ये बाहेर गेला, तर लाइनआउटला (कडेबाहेरून दोन रांगांमध्ये बॉल टाकतात तिथे) बॉल टाकायचा हक्क किक मारणाऱ्या संघाला. पण तुमच्या मैदानावर टच जज (कडेच्या रेषेवरचा पंच) म्हणून एखाद्या संघाचा राखीव मुलगा झेंडा घेऊन उभा असतो आणि चुन्याची रेघ पावसाने धुऊन गेलेली असते. मग तुम्ही काय बघणार? किक मारणाऱ्याचा पाय मधल्या रेषेच्या कुठल्या बाजूला होता. त्याच्याच संघाने बॉल रेषेपलीकडून मागे आणून तर मारला नाही ना, कारण तसं चालत नाही. टप्पा पडला का. म्हणजे डोळे आधी पायाकडे, मग बॉलकडे. असं लिहून ठेवलंत की किकच्या क्षणी तुम्ही कुठे उभं असायला हवं, तेही आपोआप कळतं.

वही झाली की ओट्यावर, गच्चीवर, कुठेही उभं राहून मोठ्याने बोला. घरातल्या कुणाला तरी कागदाच्या चिठ्ठ्या वाचायला सांगा: "स्क्रममध्ये लवकर ढकललं." तुम्ही शिट्टी मारायची, हाताची खूण करायची, तोंडाने म्हणायचं, "फ्री-किक. टॅप किंवा किक. स्क्रम नाही." पंचवीस वेळा. घरचे बघत राहतील, बघू देत. जुनी सवय अशीच जाते.

सगळं एकदम पेलणार नसेल, तर इजेशी संबंधित बदल आधी शिका. फ्री-किकवर चुकून स्क्रम दिला तर तीन गुण जातील. पण टॅकलनंतर पायांवर उभं राहून बॉलवर वाकलेल्या खेळाडूला धरून पिळून आडवं करणं, ज्याला 'क्रोकोडाइल रोल' म्हणतात आणि जे त्याच २०२४ च्या जुलैपासून बंद झालं, ते तुम्ही चालू दिलंत, तर एखाद्या पोराचा गुडघा जाईल. गुडघा गेल्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तसंच डोक्याचं. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी तुमच्या पातळीवर मुलगा बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. कोच कितीही विनवू दे.

आणि सोडायचं का? खेळ आवडेनासा झाला असेल, गुडघा आता धावू देत नसेल, तर सोडा. त्यात कमीपणा नाही. पण तुमच्या पत्रात असं काहीच नाही. त्यात आहे फक्त लाज. तुम्ही सोडलंत तर पुढच्या शाळेच्या सामन्यात शिट्टी कुणाच्या हातात जाईल, तुम्हाला माहीत आहे: दोनपैकी एका संघाच्या कोचच्या. मला वाटतं, दोन-तीन आठवडे मध्ये उभं राहू नका, टच जजचं काम करा, वही भरा, मग लहान मुलांच्या एखाद्या सामन्यापासून पुन्हा सुरू करा. जमलं तर त्या १९ वर्षांच्या मुलालाही विचारा, पंचांच्या कोर्सला येतोस का. नियम बदलल्याचं त्याला कळतं, आणि चुकीच्या निर्णयानंतरही तो गुपचूप दहा मीटर मागे जातो. असा मुलगा पंच व्हायलाच हवा.

परत उभे राहाल तेव्हा नाणेफेकीला दोन्ही कॅप्टनना मिनिटभर जास्त थांबवा आणि हे सांगा: "आज पंधरांचे पूर्ण नियम, टीव्हीवरचे प्रयोग नाहीत. फ्री-किकवर स्क्रम नाही. माझ्याशी फक्त कॅप्टनने बोलायचं, बॉल डेड झाल्यावर, एका वाक्यात. काही चुकतंय असं वाटलं तर या आणि सांगा. मी ऐकून घेईन."